दारू सुटली, आता राहायचे कुठे?

वस्तीतला माणूस व्यसनमुक्ती केंद्रात जातो तेव्हा सगळे घर कामाला लागते. कुणी कानातले गहाण टाकते, कुणी बचत गटातून उचल घेते, कुणी साहेबाच्या हातापाया पडून सुट्टी मिळवते. महिनाभराने तो परत येतो. चेहऱ्यावर तेज असते, भूक लागते, झोप लागते, मुले जवळ येतात. पुढे दीड-दोन महिन्यांत एखाद्या पगाराच्या दिवशी किंवा कुणाच्या हळदीला पुन्हा एक क्वार्टर होते आणि आठवड्यात सगळे पूर्ववत. मग शेजारीपाजारी म्हणतात, "तो सुधारणारच नव्हता." घरचे म्हणतात, "पैसे पाण्यात गेले."

या वेळच्या आरोग्य पानासाठी आम्ही हाच प्रश्न घेतला आहे. आमच्यापैकी काही जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत, काही जणी अशा घरांत नांदलेल्या आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, दारू बंद करणे आणि दारूवाचून जगायला शिकणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम दवाखान्यात आणि केंद्रात होते. दुसऱ्यासाठी जागा लागते, सोबत लागते आणि वेळ लागतो. ती जागा आपण देत नाही आणि दोष मात्र माणसाला देतो.

महिनाभरात काय होते, काय राहून जाते

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस कुठे आहे हे त्याचे त्यालाच कळत नाही. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. सरकारी रुग्णालयात न्या. तिथे थरथर आणि फिट रोखणारी औषधे देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. आठवडाभरात शरीर बऱ्यापैकी सावरते.

केंद्रातल्या पुढच्या दिवसांत गटात बोलणे, समुपदेशन, व्यायाम, ठरलेली दिनचर्या या गोष्टी होतात. पण मेंदूला लागलेली सवय महिन्यात पुसली जात नाही. ठरावीक वेळ झाली, ठरावीक नाका दिसला, ठरावीक मित्राची हाक आली की तलफ उसळते. वर्षानुवर्षे दारूने दाबून ठेवलेली चिंता, राग, शरम वर येते. झोप अजून नीट बसलेली नसते. अशा वेळी तो माणूस ज्या दहा बाय बाराच्या खोलीत परततो, तिथे खाली गुत्ता, शेजारी पिणारा भाऊ, दारात उधारी मागणारे आणि घरात दहा वर्षांचा साचलेला राग असतो. मधुमेह झालेल्याला एक महिना दवाखान्यात ठेवून मग मिठाईच्या दुकानात नोकरीला लावावे, तसे हे आहे.

आणि केंद्रापर्यंत पोहोचणारेही थोडेच. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कुठलीतरी मदत मिळते, असे त्यात दिसले. एवढ्या कष्टाने मिळालेली मदत घराच्या उंबऱ्यावर वाया जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

भाडेकरूंनीच चालवलेले घर

या उंबऱ्यावरच्या अडचणीवर अमेरिकेत एक उपाय निघाला. त्याला तिथे 'सोबर लिव्हिंग होम' म्हणतात. आपण त्याला निर्व्यसनी घर म्हणू. केंद्रातून बाहेर पडलेली माणसे काही महिने किंवा काही वर्षे एकत्र राहतात, कामाला जातात, भाडे भरतात आणि घरात कुठलीही नशा येऊ देत नाहीत.

यातला सर्वांत शिकण्यासारखा नमुना 'ऑक्सफर्ड हाउस' हा आहे. १९७५ साली मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी व्यसनातून सावरणाऱ्यांचे एक घर पैशाअभावी बंद होणार होते. तिथे मुदतीचा नियम होता. ठरावीक महिने झाले की माणसाला बाहेर पडावेच लागे, मग तो तयार असो वा नसो. घर बंद होणार म्हटल्यावर तिथे राहणाऱ्यांनी ते स्वतःच भाड्याने घेतले. त्यांच्यात पॉल मोलॉय नावाचे एक वकील होते, तेही दारूतून बाहेर पडत होते. पगारी व्यवस्थापक ठेवायचा नाही, मुदत ठेवायची नाही, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असे ठरले. पैसे शिल्लक पडले तेव्हा त्यांतून दुसरे घर उभे राहिले. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत.

नियम मोजके आहेत. घराचा कारभार मताने चालतो. घर आपला खर्च आपणच भागवते. जो पुन्हा नशा करील त्याला घर सोडावे लागते. दर आठवड्याला सभा होते. अध्यक्ष, खजिनदार, सचिव ही पदे सहा महिन्यांनी बदलतात, म्हणजे कुणी मालक होऊन बसत नाही. नवा माणूस घ्यायचा तर ८० टक्के रहिवाशांचा होकार लागतो. स्वयंपाक, झाडलोट, संडास धुणे यांच्या पाळ्या लागतात, त्यातून कुणाची सुटका नाही.

हे वाचताना आम्हाला बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण आठवले. संसदीय पद्धतीचे नियम या देशातल्या भिक्खू संघांना ठाऊक होते, हे त्यांनी त्या भाषणात सांगितले होते. सभा भरवणे, ठराव मांडणे, मत घेणे या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. ज्या माणसाला वर्षानुवर्षे घरात कुणी काही विचारले नाही, त्याच्या हाती भाड्याच्या पैशांचा हिशेब आणि मताचा हक्क आला की त्याच्यात फरक पडतो, हे समजायला आपल्याला पुस्तक लागत नाही.

या घरांना विरोधही झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराने नियम दाखवला की, नात्यात नसलेले पाचांहून जास्त लोक एका कुटुंबाच्या घरात राहू शकत नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ साली निकाल ऑक्सफर्ड हाउसच्या बाजूने लागला. घरभाड्यात भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा असल्या नियमालाही लागू होतो, असे न्यायालयाने म्हटले. आडनाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव असलेल्यांना या लढाईचे मोल वेगळे सांगायला नको.

खरेच उपयोग होतो का?

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले लेनर्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर तपासणी केली. उपचार संपवून बाहेर पडलेले १५० लोक घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कुणाचीही निवड न करता निम्म्यांना ऑक्सफर्ड हाउसमध्ये पाठवले आणि निम्म्यांना नेहमीसारखे घरी किंवा नेहमीच्या सोयींकडे सोडले. २००६ साली निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनंतर नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोक पुन्हा नशा करत होते. घरात राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. घरातल्यांची महिन्याची कमाई सरासरी ९८९ डॉलर, बाहेरच्यांची ४४० डॉलर. तुरुंगात असणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्के आणि ९ टक्के.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, तिथली परिस्थिती वेगळी. आणि चांगल्या घरात राहूनही जवळजवळ तिसरा माणूस पुन्हा घसरलाच, हेही लक्षात ठेवू. घर म्हणजे जादू नाही. पण उपचार तेच, माणसे तशीच, फक्त परतायची जागा वेगळी, आणि फरक दुपटीचा पडतो. दोष फक्त माणसाच्या मनात असता तर हा फरक पडला नसता.

हात देणाराही सावरतो

अशा घरांत जुना रहिवासी नव्याला सांभाळतो. यामागचा अनुभव जुना आहे. १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामासाठी ॲक्रन शहरी गेला. त्याची दारू सुटून काही महिनेच झाले होते. धंद्याचे काम फसले, हॉटेलात एकटा, समोर बार. त्याला उमगले की, आत्ता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच आपण वाचू. फोन फिरवत तो डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला. दोघे तासन्‌तास बोलले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. आपल्याकडेही तिच्या सभा मराठीतून होतात, फी नसते, नाव-गाव विचारत नाहीत. ऑक्सफर्ड हाउसचे रहिवासीही अशा सभांना जातात.

विल्सन त्या डॉक्टरला उपदेश करायला गेला नव्हता, स्वतःला वाचवायला गेला होता. वस्तीत काम करताना आम्हाला हेच दिसते. "दादा, आज फार वाटतंय," असा फोन आल्यावर जो उठून चालत जातो, त्या दिवशी त्याचा स्वतःचा पायही घट्ट होतो. मात्र नुकतीच दारू सुटलेल्याने एकट्याने पिणाऱ्याच्या घरी जाऊ नये. दोघांनी जावे, आणि समोरचा शुद्धीत असताना जावे.

नाव तेच, धंदा वेगळा

निर्व्यसनी घराच्या नावाखाली लूटही होते. २०२३ साली अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात मोठा घोटाळा उघड झाला. नवाहो आणि इतर आदिवासी समाजांतल्या लोकांना गाड्यांत घालून शहरातल्या अशा घरांत आणत. उपचार, जेवण, राहणे सगळे फुकट, असे सांगत. सरकारी आरोग्य योजनेकडून त्यांच्या नावे भरमसाट बिले उचलत. उपचार मात्र होत नव्हता. काही ठिकाणी तर आत दारू आणि नशेचे पदार्थ पुरवले जात. सरकारने शेकडो संस्थांची बिले थांबवली, तेव्हा अनेक घरे रातोरात बंद झाली आणि माणसे अनोळखी शहरात रस्त्यावर आली. त्यांना शोधायला नवाहो राष्ट्राला आपली माणसे पाठवावी लागली. गरीब, शिक्षणापासून दूर ठेवलेल्या समाजाच्या दुःखावर कोण कसा पैसा करतो, याचे हे ताजे उदाहरण आहे.

आपल्याकडेही 'शर्तिया दारू सोडवा' अशा पाट्या भिंतींवर आहेतच. मारहाण करणारी, साखळीने बांधणारी, महिनोन्‌महिने घरच्यांना भेटू न देणारी केंद्रे चालतात, असे अनुभव आमच्या कानावर येतात. लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या आजारांचाही समावेश आहे. कुणालाही साखळीने बांधणे या कायद्याने बेकायदा आहे. केंद्रात टाकण्यापूर्वी विचारा: नोंदणी आहे का? कागद दाखवा. डॉक्टर कोण, किती वेळा येतात? घरच्यांना कधी भेटता येईल, फोन करता येईल का? पैशांची पावती मिळेल का? उत्तर द्यायला जो चिडतो, त्याच्याकडे माणूस सोपवू नका.

आपल्याकडे काय आहे

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिल अवचटांची गर्दविषयीची लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली होती. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा होतात, आणि पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. दारूचा आजार पूर्ण घराला होतो, हे ओळखून केलेले हे काम आहे.

केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रेही आहेत. जवळचे कुठले, हे विचारायला १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक आहे. मन फार खचले, जीव द्यावासा वाटला तर १४४१६ वर टेलिमानसशी बोलता येते. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत. उणीव आहे ती केंद्रानंतरच्या घरांची. खासगी ठिकाणी अशी सोय मिळते, पण नाक्यावरच्या मजुराला, सफाई कामगाराला तिचे भाडे झेपत नाही.

वस्तीत काय करता येईल

सुरुवात मोठ्या इमारतीने होत नाही. केंद्रातून आलेले तिघे-चौघे मिळून कामाच्या ठिकाणाजवळ एक खोली भाड्याने घेऊ शकतात. एखादा जुना, काही वर्षे न प्यायलेला माणूस सोबत असला तर उत्तम. नियम कागदावर लिहून भिंतीवर लावा. नशा नाही. भाडे ठरल्या तारखेला. आठवड्याला एक सभा. हिशेब सगळ्यांसमोर. कुणाचे एटीएम कार्ड, आधार कार्ड दुसऱ्याने ठेवायचे नाही. दाराला बाहेरून कुलूप नाही. ज्याला राहायचे त्याने राजीखुशीने राहावे. रजा-सुट्टीला घरी जावे, बायकापोरांचा खर्च पाठवावा. घर टाळण्यासाठी ही खोली नाही.

कुणी प्यायला तर त्याने त्या दिवशी खोली सोडावी, हा नियम कठोर वाटतो, पण बाकीच्यांचा जीव त्यावर टिकून असतो. मात्र त्याला रस्त्यावर सोडायचे नाही. दोघांनी त्याला घरी किंवा दवाखान्यात पोहोचवावे, दुसऱ्या दिवशी फोन करावा, आणि परत यायची वाट काय ते सांगावे. एक इशारा: गर्द किंवा ब्राऊन शुगर सुटलेल्याचे शरीर जुने प्रमाण विसरलेले असते. काही आठवड्यांनी त्याने पूर्वीइतकेच घेतले तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. तो गाढ झोपल्यासारखा पडला, ओठ निळे पडले तर तासभर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

खोलीही जमत नसेल तर संध्याकाळ तरी द्या. तलफेची वेळ बहुतेकांची तीच असते, काम सुटल्यापासून जेवणापर्यंत. विहार किंवा अभ्यासिका संध्याकाळी सहा ते नऊ या माणसांसाठी उघडी ठेवता येईल. चहा, कॅरम, वर्तमानपत्र, वंदना, आणि ज्याला बोलायचे त्याचे ऐकणारे कान. पगाराच्या दिवशी कुणीतरी सोबत घरापर्यंत चालत जावे.

बायकांच्या व्यसनाबद्दल आपण बोलतही नाही. दारू, ताडी, झोपेच्या गोळ्या आपल्या भगिनींनाही लागतात, आणि त्या बदनामीच्या भीतीने शेवटपर्यंत लपवतात. त्यांच्यासाठी वेगळी जागा, वेगळी सभा हवी आणि मुले सोबत आणायची मुभा हवी.

पाचवे शील आपण सगळेच म्हणतो. १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ते शील आधारासाठी आहे, घसरलेल्याच्या पाठीत मारायला नाही. "शील मोडलंस, आता विहारात कशाला येतोस?" असे ज्याला ऐकवले, तो सरळ गुत्त्यावर जातो. तिथे त्याला कुणी हाकलत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे

• दारू सोडवायची गोळी चहात, भाजीत चोरून घालू नका. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर उलट्या, छातीत धडधड होते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि घेणाऱ्याला सांगूनच ते द्यायचे असते.
• तलफ कमी करणारी इतर औषधेही मिळतात. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. सुरू असलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नका.
• पहिले वर्ष लग्न, हळद, मिरवणूक यांत त्याला एकटे सोडू नका. "आज एकच घे" म्हणणाऱ्या पाहुण्याला घरातल्या मोठ्यांनी तिथेच थांबवावे.
• पुन्हा प्यायला तर पहिल्याच दिवशी केंद्राला किंवा गटातल्या दादाला कळवा. बीपी, दम्याचा आजार जसा उलटतो तसा हाही उलटतो. लवकर गाठला तर लवकर आवरतो.
• मारहाण सहन करणे हा उपचाराचा भाग नाही. वहिनी, ताई, तुमची आणि मुलांची सुरक्षितता आधी. महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१ आहे.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आपल्या विहारात एवढाच विषय घ्या: आपल्या वस्तीतून गेल्या वर्षभरात कोण कोण उपचार घेऊन आले, आणि आज त्यांची संध्याकाळ कुठे जाते? दोन-चार नावे नक्की निघतील. त्यांना चर्चेचा विषय करू नका. त्यांच्यापैकी एकाला विचारा की, खोली घ्यायची तर किल्ली कुणाकडे ठेवायची. तो ज्याचे नाव सांगेल, त्याच्यापासून काम सुरू करता येईल.